एक्सेलमधल्या टेस्ट केसेस टूलमधे नेताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टेस्ट मॅनेजमेंटचं टूल निवडताना काय बघावं यावर थोडं लिहिलं होतं, पण त्यावर आलेल्या पत्रांत टूल कुठलं घेऊ असं जवळपास कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय: वर्षानुवर्षं एक्सेलमधे साचलेल्या टेस्ट केसेस (सॉफ्टवेअरमधे काय करून बघायचं आणि काय व्हायला हवं याच्या लिहून ठेवलेल्या पायऱ्या) त्या टूलमधे घालायच्या कशा? म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं लांबलचक होती, कापून घेतलीयेत, आणि नावं कुणाचीच छापत नाही कारण बऱ्याच जणांनी आपल्या मॅनेजरबद्दल फारच मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत मॅन्युअल टेस्टिंग करते. आमच्या केसेस एका एक्सेल फाइलमधे आहेत, आठ शीट, मॉड्यूलची एकेक, मिळून हजाराच्या वर केसेस. कंपनीने आता टेस्टरेल हे केसेस सांभाळायचं टूल घेतलंय. मी एक शीट सीएसव्ही (कॉलम स्वल्पविरामाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) करून इम्पोर्ट केली तर चाळीस केसेसच्या अडीचशे झाल्या, प्रत्येक स्टेप वेगळी केस म्हणून आली! सब-मॉड्यूलचं नाव पण फक्त पहिल्या केसला लागलं, बाकी सगळ्या बाहेर लटकतायत. मॅनेजर म्हणतात शुक्रवारपर्यंत उरकून टाक. मी रडायच्या बेतात आहे.

उत्तर: अगं रडू नकोस, टूल बिघडलेलं नाहीये आणि तुझंही फार काही चुकलेलं नाही. ती शीट मुळात माणसाने डोळ्यांनी वाचायला बनवलेली आहे. डावीकडे 'लॉगिन' असा उभा मोठा डबा दिसला की आपल्याला आपोआप कळतं की शेजारच्या सगळ्या ओळी लॉगिनच्या. इम्पोर्टला तो डबा दिसतच नाही, कारण मर्ज केलेल्या सेलमधे मजकूर फक्त सगळ्यात वरच्या डावीकडच्या सेलमधे असतो आणि खालचे सगळे चक्क रिकामे असतात, सीएसव्ही केलं की ते उघडं पडतं एवढंच.

तर इम्पोर्टच्या बटणाला हात लावायच्या आधी एवढं ठरव की तुझ्या शीटमधे एक ओळ म्हणजे काय? एक केस, का एक स्टेप? तुझ्याकडे एक ओळ म्हणजे एक स्टेप आहे हे उघड दिसतंय आणि टेस्टरेलला तू ते सांगितलंच नाहीस, मग त्याने एक ओळ म्हणजे एक केस असं धरलं. इम्पोर्टच्या स्क्रीनवर मांडणीचा पर्याय असतो, केस एकाच ओळीत आहे का अनेक ओळींत. तिथे अनेक ओळी निवडायचं आणि नवी केस कुठल्या कॉलमवरून ओळखायची ते सांगायचं, बहुतेक वेळा टायटल. म्हणजे ज्या ओळीत टायटल भरलेलं आहे तिथे नवी केस सुरू, खालच्या ओळींत टायटल रिकामं आहे तोवर त्याच केसच्या स्टेप्स. शिवाय टेम्प्लेट स्टेप्सवालं निवड, साधं टेक्स्टवालं नको, नाहीतर स्टेप आणि एक्स्पेक्टेड रिझल्ट जोडीजोडीने बसायला जागाच मिळत नाही, सगळं एका मोठ्या खोक्यात कोंबलं जातं आणि मग रन करताना कुठली स्टेप फेल झाली ते दाखवता येत नाही.

आता मॉड्यूलचा कॉलम. अनमर्ज कर, कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल-जी, स्पेशल, ब्लँक्स, की सगळे रिकामे सेल निवडले जातील. कुठेही क्लिक न करता 'इज इक्वल टू' टाइप कर, वरचा बाण दाब आणि कंट्रोल धरून एंटर मार. सगळे रिकामे सेल वरच्या नावाने भरतील. मग तो कॉलम कॉपी करून तिथेच पेस्ट स्पेशल व्हॅल्यूज, कारण ते अजून फॉर्म्युले आहेत आणि तू सॉर्ट केलंस की सगळ्याची वाट लागेल. पण हे मॉड्यूल आणि सब-मॉड्यूललाच हं, टायटलला नाही! टायटल खालपर्यंत भरलंस तर आत्ता जे झालंय तेच परत होईल. (उलट एक्सरे नावाचं टूल वापरणाऱ्यांना केसचा नंबर प्रत्येक स्टेपच्या ओळीत परत परत लिहावा लागतो, तिथे ओळी नंबरवरून एकत्र बांधल्या जातात. झेफिर या टूलच्या इम्पोर्टरमधे तर रिकाम्या ओळीवरून, आयडी बदलल्यावरून किंवा नाव बदलल्यावरून असे पर्यायच देतात. म्हणून मैत्रिणीच्या कंपनीतलं टेम्प्लेट आणून तुझ्या टूलला लावू नकोस.)

आठ शीटचं म्हणशील तर सीएसव्ही फक्त समोर उघडी असलेली शीट सेव्ह करतं, बाकीच्या सात गेल्याच समज. एक्सेल इशारा देतं खरं पण तो इशारा आपण सगळेच न वाचता ओके करतो. प्रत्येक शीटला आधी मॉड्यूलचा कॉलम घाल आणि मग एकाखाली एक चिकटव, किंवा आठ वेगळ्या सीएसव्ही कर. मी तर वेगळ्याच कर म्हणेन, एखादी बिघडली तर तेवढीच उडवून परत करता येते.

प्रायॉरिटीच्या कॉलमला फिल्टर लाव आणि यादी बघ. पैज लावते, 'हाय', नुसता 'एच', 'पी१', 'अर्जंट', आणि मागे एक स्पेस असलेला 'हाय' असे सगळे प्रकार तिथे नांदत असतील. टेस्टरेल मॅपिंगच्या पायरीवर विचारतं की यातलं कुठलं कशाला जोडू, पण तिथे निवांत बसून जोडण्यापेक्षा शीटमधेच साफ केलेलं बरं. स्पेसला ट्रिम चालतं. ट्रिम करूनही दोन सारखे शब्द वेगळे दिसत असतील तर वेबपेजवरून किंवा मेलवरून कॉपी केलेली न तुटणारी स्पेस असते ती, कॅरेक्टर नंबर १६०, ट्रिमला ती दिसत नाही, सबस्टिट्यूटने काढावी लागते.

हे सगळं झालं की खऱ्या प्रोजेक्टमधे नाही, 'कचरा' नावाचा एक प्रोजेक्ट बनव आणि दहाच केसेस घाल. त्या दहा सोप्या नकोत, मुद्दाम वाईट निवड: एक खूप स्टेप्सची, एक सेलमधे ऑल्ट-एंटर मारून तीन ओळी लिहिलेली, एक अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम असलेली, एक मराठी टेस्ट डेटावाली. प्रिव्ह्यू दिसतो तो खरंच वाच. नीट आलं की मॅपिंगची सेटिंग फाइल डाउनलोड करून ठेव, पुढच्या सात वेळी तीच लावायची, परत क्लिक क्लिक नको.

आणि मॅनेजरना एक सांगून बघ. हजार केसेसपैकी किती केसेस मागच्या दोन-तीन रिलीजमधे कुणी उघडल्याच नाहीत ते बघा म्हणावं. बंद झालेल्या फीचरच्या, कॉपी-पेस्ट करून दोनदा झालेल्या, 'सगळं नीट चालतंय का बघा' असा एक्स्पेक्टेड रिझल्ट असलेल्या केसेस टूलमधे नेल्या तर तिथे त्या जास्त अधिकृत दिसायला लागतात आणि मग त्या काढायची हिंमत कुणालाच होत नाही. शुक्रवारपर्यंत हजार नेण्यापेक्षा रिग्रेशनच्या (आधी चालणारं काही बिघडलं नाही ना हे बघायच्या) तीनशे ने, बाकीच्यांवर 'नंतर बघू' चा शिक्का मार.

प्रश्न: नमस्कार मॅडम, नाशिकमधे आमची छोटी कंपनी आहे, पतसंस्थांसाठी अ‍ॅप बनवतो, अ‍ॅप मराठीत आहे त्यामुळे एक्स्पेक्टेड रिझल्टमधे सगळे मेसेज मराठीत लिहिलेले आहेत. इम्पोर्ट केल्यावर काही फाइल्समधे नुसती प्रश्नचिन्हं येतात, काहींत विचित्र अक्षरं येतात आणि एका जुन्या फाइलमधे इंग्रजी अक्षरांची भेळ येते. टूलला मराठी सपोर्ट नाही का?

उत्तर: टूलला मराठी येतं, आजचं कुठलंही बरं टूल युनिकोडवरच (सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकेक नंबर देणारी पद्धत) चालतं. तुमचे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत, बरं झालं तुम्ही तिन्ही सांगितलेत.

प्रश्नचिन्हं म्हणजे एक्सेलमधून नुसतं 'सीएसव्ही' असं सेव्ह केलंय. ते विंडोजच्या जुन्या कोडपेजमधे (मोजक्याच अक्षरांच्या यादीत) सेव्ह होतं, त्यात देवनागरीला जागाच नाही म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि खरं अक्षर फाइलमधून कायमचं जातं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, टूलची सेटिंग कितीही फिरवली तरी उपयोग नाही. मूळ एक्सेल फाइल उघडा आणि सेव्ह अ‍ॅजमधे 'सीएसव्ही यूटीएफ-८' नावाचा वेगळा पर्याय आहे तो घ्या, यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड फाइलमधे लिहायची पद्धत. एक्सेल जुनं असेल आणि तो पर्यायच नसेल तर लिबरऑफिसमधे उघडून सेव्ह करा, ते एन्कोडिंग कुठलं, स्वल्पविराम का सेमीकोलन, सगळं विचारतं. गूगल शीट्समधून डाउनलोड केलेलं सीएसव्ही यूटीएफ-८ च असतं.

विचित्र अक्षरं, म्हणजे 'ए' वर तिरक्या रेघा वगैरे, हा उलटा प्रकार आहे. फाइल बरोबर यूटीएफ-८ मधे आहे पण वाचणाऱ्याने ती जुनं कोडपेज समजून वाचली. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मधे तीन बाइटचं असतं म्हणून एकाच्या जागी तीन-तीन चिन्हं दिसतात. यात डेटा शाबूत आहे, घाबरू नका, इम्पोर्ट स्क्रीनवर एन्कोडिंगचा पर्याय शोधा आणि यूटीएफ-८ करा. आणि हो, ही फाइल तपासायला म्हणून सीएसव्हीवर डबलक्लिक करून एक्सेलमधे उघडायची आणि सवयीने सेव्ह करायची, हे करू नका, चांगली फाइल तिथेच नासते. नोटपॅडमधे बघा.

तिसरी, भेळवाली, ती बहुतेक कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमधे टाइप केलेली असणार. सरकारी कामं किंवा छपाईशी संबंध आलेल्यांना हे माहीत असेल: त्या फाइलमधे मराठी कधी नव्हतंच, आत इंग्रजी अक्षरंच आहेत, फक्त फाँट असा आहे की ती मराठीसारखी दिसतात. सीएसव्हीत फाँट जात नाही, मग खरं रूप दिसतं. यावर एन्कोडिंग बदलून काही होणार नाही, कन्व्हर्टरने युनिकोडमधे बदलून घ्यावं लागतं आणि बदलल्यावर एकदा माणसाने वाचावंच लागतं, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास भलतीकडे जातात.

अजून एक तुम्ही विचारलेलं नाही पण तुम्हाला नडणार आहे. 'दुसऱ्या' मधला तो 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. 'अ‍ॅ' चंही तसंच, कुठे 'अ' वर चंद्र दिलेला असतो तर कुठे ते एकच अक्षर असतं. आता तुमच्या शीटमधला मेसेज एका प्रकारे आणि अ‍ॅपमधला दुसऱ्या प्रकारे असेल आणि पुढे ऑटोमेशनने तुलना केलीत, तर टेस्ट फेल होईल आणि तुम्ही दोन तास दोन एकसारख्या वाक्यांकडे बघत बसाल. ट्रिम काढतं त्या स्पेसपेक्षा हे शोधणं जड जातं. कीबोर्ड टीमभर एकच ठेवा.

प्रश्न: मोबाइल नंबरच्या टेस्ट डेटातला सुरुवातीचा शून्य गेला, कार्ड नंबरचा शेवटचा आकडा शून्य झाला, आणि फ्लॅट नंबर '१-२' ची चक्क २ जानेवारी झाली. हे टूल करतंय का एक्सेल? (ठाणे)

उत्तर: एक्सेल. टूलपर्यंत पोचायच्या आधीच झालंय ते. एक्सेल आकड्याचे १५ अंकच नीट धरतं, त्यामुळे १६ अंकी कार्ड नंबर आकडा म्हणून टाकला की सोळावा शून्य होतो आणि तो परत येत नाही. १२ अंकी आधारसारखा नंबर जनरल फॉरमॅटमधे '१.२३ई+११' असा दिसतो आणि सीएसव्हीत जसं दिसतं तसंच लिहिलं जातं. सेलचा फॉरमॅट टाइप करायच्या आधी टेक्स्ट करा (नंतर केलं तर गेलेलं परत येत नाही). अजून एक: स्टेप वजाच्या चिन्हाने सुरू करायची सवय बऱ्याच जणांना असते, '- लॉगिनवर क्लिक करा' असं. एक्सेलला तो फॉर्म्युला वाटतो आणि सेलमधे नावाची एरर येते, मग तीच एरर स्टेप म्हणून इम्पोर्ट होते! ठिपका वापरा किंवा काहीच नको, स्टेपला नंबर टूल देतंच.

तुम्ही एकटे नाही आहात हो. एक्सेल जीन्सच्या नावांच्या तारखा करतं, 'मार्च१' नावाच्या जीनची १ मार्च वगैरे, या त्रासाला कंटाळून जीन्सना नावं देणाऱ्या समितीने २०२० मधे नियम बदलून काही माणसाच्या जीन्सची नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय २०२३ मधे दिली, फाइल, ऑप्शन्स, डेटा इथे सापडेल. नवीन एक्सेल असेल तर आजच बंद करा.

प्रश्न: ताई, मी म्युनिकला असतो, टीम अर्धी पुण्यात अर्धी इथे. पुण्याहून आलेली सीएसव्ही इथे उघडली की सगळं एकाच कॉलममधे येतं आणि इथून पाठवलेली तिकडे इम्पोर्ट होत नाही. फाइल तर तीच आहे!

उत्तर: फाइल तीच पण विंडोजची प्रादेशिक सेटिंग वेगळी. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम लिहितात, दीड म्हणजे '१,५', त्यामुळे तिथलं एक्सेल कॉलम वेगळे करायला सेमीकोलन वापरतं आणि तरी त्या फाइलला सीएसव्हीच म्हणतं. इम्पोर्ट करताना डिलिमिटर सेमीकोलन निवडा, किंवा दोन्हीकडे गूगल शीट्समधूनच एक्सपोर्ट करायचं असं ठरवून टाका. तारखा आधी वर्ष मग महिना मग दिवस अशा लिहा, अमेरिकेतला क्लायंट मधे आला की ०३-०४ म्हणजे मार्च का एप्रिल यावर जी मेलामेली होते ती वाचेल. आणि टाइमआउटच्या केसमधे '१,५ सेकंद' चे पंधरा सेकंद झालेत का तेही एकदा बघा.

प्रश्न: आम्ही छत्रपती संभाजीनगरमधे सहा जणांची कंपनी, पैसे भरायची तयारी नाही म्हणून टेस्टलिंक टाकलंय. त्यात टेस्ट केसेससाठी एक्सेल इम्पोर्ट दिसतच नाही, फक्त एक्सएमएल (मजकुराचा प्रत्येक तुकडा खुणांमधे घालून लिहिलेली फाइल). आमच्यापैकी कुणालाही एक्सएमएल येत नाही. एकाने नेटवरून मॅक्रो (एक्सेलमधे चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणला तर 'फाइल मोठी आहे' म्हणतं, छोटी केली तर अर्ध्यातच एरर.

उत्तर: टेस्टलिंक जुनं झालंय, दिसायला तर फारच, पण फुकट आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं आणि सहा जणांना पुरतं, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. एक्सएमएल शिकायला बसू नका. आधी टेस्टलिंकमधे हाताने एकच केस बनवा, दोन स्टेप्स, प्रीकंडिशन, सगळं भरून, आणि ती एक्सपोर्ट करा. जी फाइल मिळेल तोच तुमचा साचा. कुठल्या खुणेत टायटल, कुठे स्टेपचा नंबर, कुठे अ‍ॅक्शन, कुठे अपेक्षित निकाल हे नुसतं बघून कळतं. मग मॅक्रो असो वा पायथनची पंचवीस ओळींची स्क्रिप्ट, तिने बरोबर तसंच काढलं पाहिजे. नेटवरचा मॅक्रो दुसऱ्या कुणाच्या कॉलमच्या क्रमासाठी लिहिलेला असतो, तो डोळे झाकून चालवू नका.

अर्ध्यातली एरर जवळपास नक्की एका चिन्हाची आहे. तुमच्या केसेसमधे 'वय < १८' किंवा 'टर्म्स अँड कंडिशन्स' मधे 'अँड' ऐवजी '&' ही वेलबुट्टीवाली इंग्रजी खूण असणार. एक्सएमएलला 'लहान आहे' चं चिन्ह म्हणजे नवी खूण सुरू झाली असं वाटतं आणि ते तिथेच आडवं पडतं. ती चिन्हं बदलून लिहावी लागतात किंवा तो मजकूर सीडेटाच्या कुंपणात (आतलं सगळं नुसता मजकूर समज असं सांगणाऱ्या खुणेत) घालावा लागतो, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमधे ते कुंपण दिसेल. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तुकडे हाताने जोडण्याऐवजी एक्सएमएल बनवणारी तयार लायब्ररी वापरली तर हे ती सांभाळते. सेलमधल्या ऑल्ट-एंटरच्या ओळी टेस्टलिंकमधे गेल्यावर एकाच ओळीत चिकटतात कारण तिथला एडिटर एचटीएमएल समजतो, साधी नवी ओळ नाही, म्हणून तिथे ओळ तोडायची एचटीएमएल खूण घालायची.

'फाइल मोठी' चं म्हणाल तर टेस्टलिंकच्या कॉन्फिगमधे इम्पोर्टच्या साइझला मर्यादा असते, मुळात ती काहीशे केबीचीच आहे, आणि तिच्यावर पीएचपीची स्वतःची, मुळात २ एमबीची. दोन्ही वाढवता येतात. पण तुम्ही मॉड्यूलनुसार फाइल तोडा, ते सोपं. टायटलही आखूड ठेवा, १०० अक्षरांच्या पुढे जाऊ नका, काही जण टायटलमधे अख्खी कथा लिहितात.

प्रश्न: ताई, खराडीत टीम लीड आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर टेस्ट प्लॅन्स या टूलमधे इम्पोर्ट झालं, छान झालं, पण नंतर एक्सेलमधे दुरुस्त्या करून परत इम्पोर्ट केलं तर सगळ्या केसेस डबल! आता कुठली खरी? शिवाय आमच्या शीटमधे गेल्या बारा बिल्डचे (टेस्टिंगला आलेल्या आवृत्त्यांचे) पास-फेलचे कॉलम होते, ते कुठे मॅप करायचे?

उत्तर: दुसऱ्यांदा तुम्ही तुमची जुनी शीट घातलीत, जिच्यात आयडीचा कॉलम रिकामा आहे. अझ्युरला आयडी रिकामा म्हणजे नवी केस. पहिल्या इम्पोर्टनंतर जुनी शीट बाजूला ठेवून टूलमधून एक्सपोर्ट करायचं, त्यात आयडी आलेला असतो, दुरुस्ती त्यात करायची आणि तीच आत घालायची, मग आहे तीच केस बदलते. टेस्टरेलमधेही केस आयडी मॅप करून हेच होतं. टेस्टलिंक तर इम्पोर्ट करतानाच विचारतं की नाव सारखं दिसलं का आयडी सारखा दिसला की डुप्लिकेट समजू, आणि मिळाली तर अपडेट करू, नवी कॉपी करू का नवं व्हर्जन. यातलं काहीतरी घाईत निवडलं की तुमच्यासारखं होतं.

आत्ता साफ करायला: केसेस तयार केल्याची तारीख किंवा आयडीची रेंज यावरून दुसरी बॅच वेगळी काढा. पण कुणी दुसऱ्या बॅचवर रन करून रिझल्ट भरलेत का ते उडवायच्या आधी टीमला विचारा. आणि मुख्य म्हणजे जुन्या शीटवरचा सगळ्यांचा एडिट अ‍ॅक्सेस आजच काढा, रीड-ओन्ली करा. टूल आणि शीट दोन्हीकडे दुरुस्त्या सुरू राहिल्या तर हा प्रश्न तुम्ही पुढच्या अंकात परत विचाराल.

पास-फेलचे कॉलम मॅप करू नका. केस वेगळी आणि तिची रन वेगळी, एक्सेलमधे आपण दोन्ही एकाच ओळीत उजवीकडे उजवीकडे वाढवत नेतो कारण तिथे दुसरी सोयच नसते. टूलमधे रिझल्ट हा रनचा असतो, कुठल्या बिल्डवर, कुणी, कधी. 'बिल्ड ७ रिझल्ट' असं कस्टम फील्ड बनवून ते केसला चिकटवलेलं मी एका ठिकाणी पाहिलंय, दर बिल्डला एक नवं फील्ड, शेवटी केस उघडली की स्क्रोल संपत नव्हता. जुना इतिहास ऑडिटला लागणार असेल तर शीटची पीडीएफ करून ठेवा, नसेल तर सोडून द्या.

प्रश्न: एक डेव्हलपर म्हणून विचारतो, एवढी खटपट कशाला? पायथनच्या पांडाज लायब्ररीने वाचायचं आणि एपीआयने (टूलशी थेट प्रोग्रॅममधून बोलायच्या सोयीने) आत ढकलायचं, अर्ध्या तासाचं काम.

उत्तर: बरोबर आहे, आणि दोन-तीन हजारांच्या पुढे केसेस असतील तर मीही तेच सांगेन. फक्त पांडाज 'एनए', 'एन-स्लॅश-ए', 'नल' असे शब्द दिसले की ते रिकामं समजून गिळतं, आणि टेस्टरच्या शीटमधे 'नल टाकून बघा' हा तर रोजचा टेस्ट डेटा. वाचताना सगळे कॉलम स्ट्रिंग म्हणून घ्या आणि ती डिफॉल्ट एनएची यादी बंद करा. क्लाउडवरची टूल्स एका मिनिटात किती कॉल घ्यायचे याला लगाम घालतात, थांबून परत प्रयत्न करायचं लिहा, आणि कुठल्या ओळीला कुठला आयडी मिळाला ते फाइलमधे लिहीत चला म्हणजे मधेच पडलं तर पहिल्यापासून नको. शेवटी आत गेलेल्या केसेस आणि स्टेप्स मोजा आणि शीटशी ताडून बघा. मोजायला कंटाळू नका: २०२० मधे इंग्लंडमधे जुन्या एक्सएलएस फाइलच्या ६५,५३६ ओळी भरल्या आणि पुढचं सगळं गुपचूप गळलं, एकेका पेशंटच्या नोंदीला अनेक ओळी लागत होत्या म्हणून ती मर्यादा लवकर आली, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतल्या १५,८४१ कोविड पॉझिटिव्ह केसेस रोजच्या आकड्यांतून सुटल्या. एरर कुणालाच दिसली नव्हती.

प्रश्न: आम्ही दोघंच टेस्टर, ८०-९० केसेस. टूलवर जायलाच हवं का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. शीट नीट ठेवा, मर्ज करू नका, प्रत्येक केसला नंबर द्या. उद्या जायची वेळ आली तर एका दुपारचं काम आहे.

प्रश्न: इम्पोर्ट सगळं व्यवस्थित झालं मॅडम, पण शीटमधे चिकटवलेले स्क्रीनशॉट कुठे गेले? दोनशेच्या वर आहेत, परत काढायचे म्हणजे महिना जाईल.

उत्तर: सीएसव्हीत फक्त अक्षरं जातात, चित्रं नाहीत. पण चित्रं हरवलेली नाहीत. एक्सएलएसएक्स फाइल ही आतून झिप असते. तिची कॉपी करा (मूळ फाइलला हात लावू नका), कॉपीच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा, आत 'एक्सएल' नावाच्या फोल्डरमधे 'मीडिया' फोल्डर आहे, सगळे स्क्रीनशॉट तिथे एकत्र मिळतील. जुनी एक्सएलएस असेल तर आधी एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करा. फाइलींची नावं मात्र इमेज१, इमेज२ अशीच असतात आणि तो क्रम शीटमधल्या क्रमाशी जुळेलच असं नाही, त्यामुळे कुठला फोटो कुठल्या केसचा ते शीट शेजारी उघडून हातानेच लावावं लागेल. दोघं बसलात, एकाने केसचा नंबर वाचला आणि दुसऱ्याने फाइलला तेच नाव दिलं, तर महिना नाही लागणार.